फायर सिस्टीमला साडेछत्तीस लाख घालावेत का? (सोसायटीतला वाद, सल्ला हवा)

खजिनदार_नाइलाजाने (धागाकर्ता)

मंडळी, परळमधली आमची सोसायटी. १६ मजले, ६४ घरं, बिल्डिंग १९९९ची. मी तीन वर्षं खजिनदार आहे, कारण त्या एजीएमला (वार्षिक सभेला) मी उशिरा पोहोचलो आणि तोवर बाकीच्यांचं नाही म्हणून झालं होतं.

आगीच्या यंत्रणेचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत भरावा लागतो हे सोसायटीत राहणाऱ्यांना माहीत असेल. लायसन्सवाल्या एजन्सीने सगळं तपासायचं आणि 'यंत्रणा चालू स्थितीत आहे' असं लिहून द्यायचं. आमचा आधीचा माणूस यायचा, चहा प्यायचा, सही करून जायचा. यंदा एजन्सी बदलली. नवीन पोरगा आला आणि म्हणाला, पंप चालू करून दाखवा.

पंप चालू झाला नाही. पॅनेल 'ऑफ'वर होतं. वॉचमन म्हणाला, "साहेब, ऑटोवर ठेवला की रात्री-बेरात्री आपोआप सुरू होतो, पहिल्या मजल्यावरचे ओरडतात." म्हणजे पाइपात कुठेतरी गळती आहे, दाब उतरतो, पंपाला वाटतं कुणीतरी व्हॉल्व्ह उघडला, आणि तो इमानाने सुरू होतो. आम्ही गळती शोधायच्या ऐवजी पंपच बंद केला. केव्हापासून, ते कुणालाच आठवत नाही.

मग प्रत्येक मजल्यावरची लाल पेटी उघडली. १६ पैकी ११ पेट्यांतले पितळी नोझल गायब. होजच्या (पाणी मारायच्या कापडी पाइपाच्या) घड्या अशा चिकटलेल्या की उलगडताना कापड तडकलं. सातव्या मजल्यावरच्या रेफ्यूज एरियाला (आगीत लोकांनी थांबायची मोकळी जागा) कुलूप, आत गणपतीचं मखर, तीन सायकली आणि एक सोफा. पोराने सही दिली नाही. कोटेशन दिलं: ३१ लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ लाख ५८ हजार. घरटी ५७ हजार.

स्पेशल जनरल बॉडी बोलावली, तिचा आखाडा झाला. "२५ वर्षांत कधी आग लागली?" इथून सुरुवात. याच लोकांनी दोन वर्षांपूर्वी ४२ लाखांचं रंगकाम वीस मिनिटांत पास केलं होतं. भांडण झालं ते फक्त क्रीम की ऑफ-व्हाइट यावर.

माझा प्रश्न साधा आहे. जो खर्च सार्थकी लागला हे कधीच दिसणार नाही, तो लोकांना कसा पटवायचा? आणि मुळात तो एवढा करावा का?

---

वडाळ्याचा_बंडू

खजिनदारसाहेब, हा सगळा धंदा आहे. आमच्याकडे पण असाच घाबरवणारा आला होता. आधी सगळं फेल करायचं, मग कोटेशन द्यायचं. तपासणारा तोच, विकणारा तोच. डॉक्टरचंच मेडिकल असल्यासारखं.

---

गणित_कच्चं

जरा आकडे मांडतो, शिव्या घालू नका.

नवीन यंत्रणा १५ वर्षं चालेल असं धरू. ३६.५८ लाख, अधिक एएमसी (देखभालीचं वार्षिक कंत्राट) वर्षाला १.२० लाख धरली तर १८ लाख. एकूण ५४.५८ लाख. ६४ घरांत, १८० महिन्यांत वाटले तर घरटी महिना ४७४ रुपये. वायफायला याहून जास्त जातात.

आता दुसरी बाजू. समजा मोठी आग लागली आणि ३ कोटींचं नुकसान झालं. ५४.५८ लाख भागिले ३ कोटी म्हणजे १८ टक्के. १५ वर्षांत अशी आग लागण्याची शक्यता १८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच पैसे वसूल, आणि तेही यंत्रणेने सगळंच्या सगळं नुकसान वाचवलं असं मानून. मला एवढी शक्यता वाटत नाही. निव्वळ भिंती-फर्निचरचा हिशोब केला तर विमा स्वस्त पडतो.

---

मीठभाकर

@गणित_कच्चं, तुमच्या हिशोबात माणसं कुठल्या रकान्यात आहेत?

---

गणित_कच्चं

कुठल्याच नाहीत, तेच दाखवायचं होतं. मीटिंगमध्ये जो तो 'पैसे वसूल होतात का' एवढंच विचारतो. त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'बहुधा नाही' असं आहे. म्हणून वसुलीच्या नावाने विकायला जाऊ नका, पहिल्याच वाक्यात पडाल. जिवासाठी घ्यायचं तर तसं तोंडाने म्हणा.

---

निवृत्त_बंबवाला

३२ वर्षं फायर ब्रिगेडमध्ये काढली. गणित बरोबर आहे, पण कोटेशन अख्खंच्या अख्खं मापलंत तिथे चुकलात. ३१ लाख ही एक वस्तू नाही. ते फोडा. त्यातले काही पैसे माणूस वाचवतात, काही घर वाचवतात आणि काही (बंडूशेठ, इथे तुम्ही बरोबर आहात) एजन्सीचं घर चालवतात.

आगीत माणूस जळून मरतो असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा तो धुराने आधीच गेलेला असतो. गोरेगावला ६ ऑक्टोबर २०२३ची पहाट आठवा. आग खाली, पार्किंगमधल्या गाड्यांना आणि चिंध्यांच्या गठ्ठ्यांना. सात मजल्यांची इमारत, त्या पहाटे सात जण दगावले. आग वर गेली नाही, धूर गेला. जिना हे अशा वेळी धुराडं होतं.

त्यामुळे पहिले पैसे कुठे? जिन्याचे दरवाजे आपोआप बंद होतात का ते बघा. क्लोजर (दार आपोआप लावणारा दांडा) तुटलेला असतो किंवा हवा यावी म्हणून खाली वीट लावलेली असते. मग वायरिंगची डक्ट. प्रत्येक मजल्याला स्लॅबमधून केबल जाते ती भोकं बुजवलेली हवीत, आगीत टिकणाऱ्या मालाने. तुमच्याकडे त्या डक्टमध्ये झाडू, रद्दी आणि दिवाळीच्या माळांचा खोका असणार, पैज लावतो. रेफ्यूजचं कुलूप काढा. हे सगळं मिळून तुमच्या ३६ लाखांत चिल्लर आहे आणि यातलं निम्मं तर फुकट आहे.

मग पंप. तुमच्याकडे वेट रायझर आहे, म्हणजे वरपर्यंत जाणाऱ्या उभ्या पाइपात कायम पाणी भरलेलं आणि दाबाखाली असायला हवं. छोटा जॉकी पंप तो दाब टिकवतो. कुणी व्हॉल्व्ह उघडला की दाब झपकन पडतो आणि मोठा पंप आपला आपण सुटतो. या पंपाची वीज बिल्डिंगच्या मेन स्विचच्या आधीपासून, स्वतंत्र असावी लागते, कारण आगीत आम्ही आल्या आल्या मेन पाडतो. कितीतरी ठिकाणी मेन पाडला की पंपही मेला, असं पाहिलंय.

वर्दी मिळाली की बंब येतो, पण तो अंगणात उभा राहतो. बाराव्या मजल्यावर पाणी तुमच्याच पाइपातून जायचं असतं. पाइप कोरडा असला तर इनलेटमधून (बंबाचा पाइप जोडायचं खालचं तोंड) आम्ही पाणी चढवू शकतो, मात्र ते इनलेट सापडायला हवं. पोरं खांद्यावर होज घेऊन जिना चढतात तेवढ्या वेळात खोलीची आग मजल्याची होते. दलाकडे ९० मीटरची शिडी आहे हे पेपरात वाचलं असेल. ती उभी करायला मोकळं, पक्कं अंगण लागतं. तुमच्या अंगणात किती गाड्या लागतात?

आणि रायझर पूर्ण बदला असं कोटेशनमध्ये असेल तर आधी पाइपाची जाडी मोजून घ्या. अल्ट्रासॉनिक टेस्ट होते, पाइप कापावा लागत नाही. ती टेस्ट कोटेशन देणाऱ्याकडून करून घेऊ नका.

---

वडाळ्याचा_बंडू

काका, दंडवत. पण माझा मुद्दा राहिलाच. सही विकत मिळते तोवर ज्याने खरोखर काम केलं तो मूर्ख ठरतो ना?

---

निवृत्त_बंबवाला

कागदापुरता ठरतो. आगीला कागद वाचता येत नाही. आणि कायदा (महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६) यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर आणि राहणाऱ्यावर टाकतो. 'एजन्सीने सही दिली होती' म्हणून तुमची मान सुटेल अशा भ्रमात राहू नका.

---

मीठभाकर

माझा अनुभव लिहिते. मुलुंड, आम्ही अकराव्यावर. नवव्यावरचं एक घर रात्री पेटलं, एसीचं वायरिंग. पावणेदोनच्या सुमारास मला जळक्या रबराचा वास आला. आधी वाटलं आपलाच फ्रिज. दार उघडलं तर बाहेर दिवा लागलेला असून दिसत नव्हता. काळोख नाही म्हणता यायचं, तो काळा कापूस होता, आणि तो जिन्यातून येत नव्हता. लिफ्टशेजारच्या वायरच्या कपाटाच्या फटीतून येत होता, जसा कुकरच्या शिट्टीतून येतो तसा, जोरात. काकांनी वर डक्टबद्दल लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला.

दार लावलं. सासूबाईंनी मला सांगायच्या आधीच चादरी बादलीत बुडवून उंबऱ्याशी कोंबल्या होत्या. आम्ही रस्त्याकडच्या गॅलरीत जाऊन बसलो. वरच्या मजल्यांवरचे काहीजण गच्चीकडे पळाले. गच्चीला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन खाली. पाच माणसं शेवटच्या पायऱ्यांवर तोंडाला पदर-टॉवेल लावून बसून राहिली.

आणि तरीही सगळे वाचलो, कारण पंप चालला. दहाव्या मजल्यावरची दोन कॉलेजातली पोरं होज रील ओढत खाली उतरली (ते रबरी लाल पाइपाचं चाक असतं ना, ते) आणि दाराबाहेरूनच पाणी मारत राहिली. बंब आला तोवर आग एका हॉलपुरतीच राहिली होती. नुकसान एक सोफा, एक टीव्ही, एक एसी आणि छताचं प्लास्टर. दुसऱ्या दिवशी नाक शिंकरलं की रुमालावर काळं यायचं, बस.

गंमत म्हणजे पुढच्याच मीटिंगला एकजण म्हणाला, एवढीशी तर आग होती, उगाच दरवर्षी एएमसीवर पैसे घालतो. ती एवढीशी का राहिली हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

---

परळकर_जुना

+१. आणि धागाकर्ते, तुम्ही परळचे असून तुमच्या लोकांना क्रिस्टल टॉवर आठवत नाही? २२ ऑगस्ट २०१८, बकरी ईदची सुट्टी, सकाळची वेळ. चार जण गेले. इमारतीची स्वतःची यंत्रणा बंद होती. तिथल्या एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजारपाजारच्यांना ओले कपडे नाकातोंडाला धरायला लावले. नंतर तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. त्या पोरीचं शिक्षण सोसायटीच्या पंपापेक्षा जास्त कामी आलं.

---

भाडेकरू_कायमचा

वेगळा मुद्दा. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्धे मालक पुण्यात किंवा परदेशात. मीटिंगला ऑनलाइन येतात आणि खर्चाला नाही म्हणतात. राहतो आम्ही, मत त्यांचं. धूर मात्र ॲग्रीमेंट बघून येत नाही.

---

गिरगावकर_चाळीतला

तुमचं वेट रायझर आणि जॉकी पंप वाचून हसू आणि रडू दोन्ही आलं. आमची तीन मजल्यांची पागडीची चाळ, लाकडी जिना एकच, वय विचारू नका. काळबादेवीला ९ मे २०१५ ला अशाच जुन्या इमारतीची आग विझवताना ती कोसळली आणि दलाचे चार मोठे अधिकारी गेले. तेव्हापासून जिन्याच्या कठड्याला हात लावला की तेच आठवतं.

आमच्याकडे ३६ लाख नाहीत, ३६ हजारसुद्धा भांडून निघतात. पण दोन गोष्टी केल्या. जिन्याखालचा मीटर-बोर्ड नवा केला, आणि ज्या खोल्यांत जुनी कापडी वायर होती तिथे वायर बदलून ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारे स्विच) बसवले. एक म्हातारबा तयार नव्हते, म्हणाले माझी वायर ब्रिटिश आहे. दुसरं, पॅसेजमधली कपाटं हलवली. सहा महिने अबोला होता, अजूनही दोन घरांत आहे. पाणी मारायची सोय नाही, मग निदान पळायला वाट तरी असू दे.

---

विमा_उतरवा

या क्षेत्रात आहे म्हणून विम्याचं बोलतो. गणितवाल्यांचं 'विमा स्वस्त' खरं आहे, पण बहुतेकांकडे तोही नाही. किंवा कर्ज काढताना बँकेने काढलेला असतो, कर्ज फिटलं आणि तोही संपला, हे नंतर कळतं.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. घराच्या बांधकामाचा विमा घेतला की सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, वेगळं न मागता संरक्षण मिळतं. विमा बांधकामाच्या खर्चावर काढायचा, बाजारभावावर नाही. परळमधल्या दोन कोटींच्या फ्लॅटमध्ये बराचसा भाव जमिनीचा असतो, आणि जमीन जळत नाही.

पण सोसायटीच्या क्लेमला सर्व्हेअर येतो तेव्हा मी पाहिलंय, तो एएमसीची फाइल आणि फॉर्म बी मागतो. फॉर्मवर 'सर्व चालू' आणि पेटीत नोझल नाही, अशा वेळी सेक्रेटरीचा चेहरा बघवत नाही.

---

स्प्रिंकलर_नको_बाई

आमच्याकडे लॉबीत स्प्रिंकलर लावायला विरोध आहे. कुणी सिगरेट ओढली तर सगळ्या मजल्यांवर पाऊस पडेल, फॉल्स सीलिंग खराब होईल म्हणे.

---

निवृत्त_बंबवाला

ते सिनेमात. प्रत्येक स्प्रिंकलरला काचेची बारीक नळी असते. लाल रंगाची ६८ अंशांना फुटते, आणि जिची फुटली तेवढ्याच तोंडातून पाणी येतं. सिगरेटच्या धुराने काही होत नाही. मात्र रंगारी ब्रश मारताना त्या काचेवरही रंग फासतो, मग ती वेळेवर फुटेल याचा भरवसा नाही. धागाकर्ते, तुमचं ४२ लाखांचं रंगकाम झालंय ना? वर बघा एकदा.

---

खजिनदार_नाइलाजाने (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल रविवारी काय झालं ते सांगतो.

आधी कबुली: स्प्रिंकलर फक्त स्टिल्टच्या पार्किंगमध्ये आहेत. नऊ तोंडं ऑफ-व्हाइट झालेली सापडली.

तिऱ्हाइताकडून जाडी मोजून घेतली. रायझर बहुतेक मजल्यांवर ठणठणीत निघाला. खराब आहे तो गच्चीवरचा उघडा तुकडा आणि पंपरूममधली वळणं. गळती पंधराव्या मजल्याच्या व्हॉल्व्हला होती. बंबाचं इनलेट अर्ध्या तासाने गेटजवळ सापडलं, त्याच्यापुढे कुणीतरी सिमेंटचं तुळशीवृंदावन बांधलंय. ते हलवायचा विषय काढला आणि वातावरण तापलं, म्हणून इनलेटच दोन मीटर पुढे आणायचं ठरतंय.

त्याच एजन्सीला फोडून कोटेशन द्यायला लावलं, आणखी दोघांकडूनही घेतलं. आता १७ लाख ४० हजार, जीएसटी धरून २० लाख ५३ हजार. यात दोन्ही पंपांची दुरुस्ती, स्वतंत्र वीजपुरवठा, खराब पाइप, नवीन होज आणि नोझल, मजल्यागणिक डक्ट बुजवणं, जिन्याचे दरवाजे. म्हणजे बंडूशेठ आणि काका, दोघंही बरोबर होतात, हे मला जरा गैरसोयीचंच झालं.

बावीस लाख सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी) आहेत, पण त्याला हात लावायला निम्म्यांचा विरोध. मग घरटी आठ हजारांचे चार हप्ते, उरलेलं रिपेअर फंडातून. ठराव ४१ विरुद्ध ९ पास झाला. मीटिंगमध्ये मी पैसे वसूल होतील असं म्हटलंच नाही. 'हे पैसे गेले समजा' असं म्हणालो आणि @मीठभाकर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला (नाव न घेता, चालेल ना?). गच्चीच्या कुलपाचा भाग आला तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "आपल्या गच्चीची किल्ली कुठे असते?" त्यानंतर पाच मिनिटं फक्त तीच शोधत होते.

आणि सातव्या मजल्याच्या रेफ्यूजची किल्ली कुणाकडेच नव्हती. एजन्सीच्या पोराला तेव्हा जाळीतूनच आतलं दाखवलं होतं. किल्लीवाल्याला बोलावून कुलूप तोडलं, त्याने ३०० रुपये घेतले. व्हाउचर केलंय.

---

मीठभाकर

चालेल की. पण त्या ९ जणांचं काय म्हणणं होतं?

---

खजिनदार_नाइलाजाने (धागाकर्ता)

तिघांना खरंच जड आहे, रिटायर्ड आहेत, त्यांना हप्ते लांबवून देतोय. एकाला तुळशीवृंदावनाचा राग. बाकीच्यांना २५ वर्षांत आग लागली नाही.

---

परळकर_जुना

नोझल पितळी नका घेऊ, पुन्हा जातील. आमच्याकडे दोनदा गेले.

---

निवृत्त_बंबवाला

सहमत, स्टीलचे घ्या, पेटीला काच लावा. कुलूप लावू नका. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पंप दहा मिनिटं चालवा, वॉचमनला नाही, कमिटीतल्या कुणालातरी उभं करून. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो (१९४४ला गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जवान गेले, त्या दिवसावरून). त्या आठवड्यात स्टेशनला पत्र द्या, पोरं येऊन प्रात्यक्षिक दाखवतात.

---

भाडेकरू_कायमचा

अवांतर: रेफ्यूजमधलं मखर कुठे ठेवलंत?

---

खजिनदार_नाइलाजाने (धागाकर्ता)

माझ्या गॅलरीत. बायको दोन दिवस बोलत नाहीये.